आसरांसाठी ठेवलेलं भोक

गेणबाबद्दल मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. मुळात लिहिण्याची मला सवय नाही. नोकरीत टिपणं लिहिली, तीही साहेबाच्या सहीसाठी. पण गेल्या आठवड्यात गेणबा स्वतःच म्हणाला, "वसंतराव, तुमी लिवा. माझं नाव घालून लिवा. आडनाव बी घाला."

आडनाव मी घालणार नाही. आमच्या वस्तीवर सगळ्यांचं एकच आडनाव आहे, उगाच सगळ्यांच्या माथी बसेल.

पणदऱ्याच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. मोजकी घरं, मधे एक चिंच आणि चहूकडे ऊस. वरच्या बाजूला गेणबाचं घर आणि गोठा. त्याच्या खाली द्वारकाबाईचं घर. द्वारकाबाई म्हणजे गेणबाच्या चुलतभावाची बायको. तो भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्यापलीकडे मी. निवृत्त झाल्यावर बारामतीची खोली सोडून मी इथं परत आलो, तेव्हापासून सकाळचा चहा बहुतेक गेणबाच्या ओट्यावरच होतो.

गेणबा म्हटला की मला तो हातात पाइप धरलेलाच आठवतो. अंगात पांढरी बंडी, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, आणि पाण्याची धार म्हशींच्या पोटाखालून कोपऱ्याकोपऱ्यात फिरतेय. बोलता बोलता वाकून जमिनीवरची वाळल्या वैरणीची काडी उचलायचा. दुसऱ्याच्या अंगणात गेला तरी उचलायचा. चहा देणाऱ्याची नखं आधी बघायचा आणि मग कप हातात घ्यायचा. लोक त्याला चिडवायचे, "गेणबा, म्हशीला पावडर लावतोस काय रं?" तो म्हणायचा, "माझ्या गोठ्यात ताट मांडून जेवा." दूध संस्थेनं एकदा स्वच्छ गोठ्याचं बक्षीस म्हणून त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यानं घरात नाही, गोठ्याच्या दारावर लावलं.

गोठ्याच्या कडेलाच आमच्या भावकीची जुनी विहीर. आजोबांच्या वेळची, दगडी बांधणीची. पूर्वी वस्तीतल्या सगळ्या घरांचं पाणी तिच्यावर. नंतर पाणी मचूळ झालं, लोकांनी बोअर घेतले, गेणबानं वर कालव्याकाठच्या रानात बोअर मारून पाइपलाइन खाली आणली. विहीर नुसतीच राहिली, आत हिरवट पाणी आणि कठड्यावर पारवे. गेणबाचा नातू चालायला लागला तशी त्याची सून सुप्रिया म्हणाली, "आबा, एक तर विहीर झाका, न्हाय तर मला माहेरी धाडा."

गेणबानं स्लॅब टाकायचं ठरवलं. पण त्याची बायको छबूबाई आडवी आली. विहिरीत आसरा असतात, पाण्यातल्या सात देवी. आतल्या कोनाड्यात त्यांचे शेंदूर फासलेले सात दगड होते. छबूबाई म्हणाली, "देवांना कोंडून मारता का? त्यांना जायाला-यायाला वाट ठेवा." म्हणून ते दगड वर काढून स्लॅबवर मांडले, आणि स्लॅबच्या एका अंगाला सिमेंटच्या पाइपाचा तुकडा उभा बसवला. तांब्या सहज खाली जाईल एवढं रुंद तोंड. छबूबाई अमावस्येला तिथं हळदकुंकू वाहायची. आमच्यापैकी कुणालाच यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही. उलट चांगलंच वाटलं.

पुढं गेणबानं गोठा वाढवला, खाली सिमेंटचा कोबा केला. कोब्याला उतार दिला तो नेमका विहिरीकडं. ट्रॅक्टर मागं घेताना ट्रॉलीचं चाक लागून तो उभा पाइप बुडापासून तुटला आणि भोक जमिनीच्या सपाटीला आलं. त्यावर चार दिवसांत शेणामातीचा थर आला. छबूबाई हळदकुंकू दगडांनाच वाहायची, भोकाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं ते एवढंच, की गोठा कितीही धुतला तरी दारात डबकं साचत नाही. गेणबा मला कौतुकानं म्हणाला होता, "माझी जिमीन बघा वसंतराव, सगळं पिऊन घेती."

त्यानंतर द्वारकाबाईच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. पाणी पिवळट दिसायचं. हंड्याच्या बुडाला काहीतरी बसायचं.

एका सकाळी दूध घालायला आम्ही सगळे संकलन केंद्रावर होतो. द्वारकाबाईनं तिथं पाण्याचं गाऱ्हाणं काढलं. गेणबा सगळ्यांसमोर म्हणाला, "वैनी, बोअरच्या उशाला संडासाचा खड्डा घेतलाय तुमी. मग पाण्याला काय अत्तराचा वास येणार हाय?"

लोक हसले. कुणीतरी वर म्हणालं, "म्हातारीचा थाट नडला." द्वारकाबाईला नुकतंच घरकुल मिळालं होतं आणि त्याच्याबरोबर तो संडास. पाहुण्यारावळ्यांना ती आधी तो दाखवायची, मग चहा द्यायची. त्या दिवशी ती किटली उचलून घरी गेली आणि संडासाच्या कडीला तार गुंडाळून टाकली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे टमरेल घेऊन कालव्याच्या कडेनं जाऊ लागली. गुडघे दुखतात तिचे. थांबत थांबत जायची.

गेणबा तेव्हा खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. हे मी त्याची बाजू घ्यायची म्हणून लिहीत नाही. पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं, ते कळावं म्हणून लिहितो.

ऊसतोड चालू होती तेव्हाची गोष्ट. गेणबा गोठा धूत होता आणि वीज गेली. पाइपातलं पाणी थांबलं, मोटारीचा आवाज थांबला, आणि त्याला पायाखाली खोल कुठंतरी पाणी पडल्यासारखं ऐकू आलं. त्यानं स्लॅबच्या कडेचं शेण खोऱ्यानं ओढलं. खाली ते भोक, आणि गोठ्यातला सगळा ओघळ सरळ त्यात चाललेला. तो म्हणाला, "वसंतराव, मी वाकून बघितलं आन् आतून वाफ आली तोंडावर. तवाच कळलं समदं. वैनीचं पानी कशानं नासलं त्ये बी कळलं."

त्यानं त्यावर एक फरशीचा तुकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या दारात डबकं झालं, म्हशींचे पाय चिखलात. आणि त्याच आठवड्यात संस्थेची माणसं गोठा बघायला येणार होती. गेणबानं फरशी उचलून बाजूला ठेवली.

"पुन्हा ठेवली का?" मी विचारलं.

"न्हाय."

एवढं बोलून तो बराच वेळ हातातली काडी मोडत बसला. मग म्हणाला, "आदी ठावं नव्हतं त्ये जाऊ द्या. फरशी ठिवली आन् काढली, ती मीच काढली न्हवं?"

पुढं द्वारकाबाईची धाकटी लेक योगिनी बावड्याहून बाळंतपणाला आली. मुलगी झाली, तिचं नाव इरा. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, या बोअरचं पाणी बाळाच्या आसपासही नको, बाळंतिणीलाही नको. मग द्वारकाबाई गेणबाच्या घरी कळशी घेऊन यायला लागली, त्यांच्याकडं वरच्या बोअरचं पाणी होतं म्हणून.

आमच्याकडं रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात जात नाहीत. द्वारकाबाई कळशीत काहीतरी घालूनच आणायची. कधी लिंबू, कधी चार शेवग्याच्या शेंगा, कधी कागदात बांधलेली जवसाची चटणी. छबूबाई ते काढून घ्यायची आणि कळशी भरून द्यायची. जाताना द्वारकाबाई गोठ्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायची, "भावजी, तुमच्या पान्यावर नात वाढतीया माझी!"

गेणबा पाइप अजून जोरात सोडायचा, ऐकू आलं नाही असं दाखवायला. जेवताना छबूबाईनं ती चटणी पानात वाढली की तो भाकरीच्या कडेनं ती बाजूला सारायचा. ती विचारायची, "का वो, तोंडाला चव न्हाय का?" तो म्हणायचा, "पोटात जळजळतंय." जळजळत होतं हे खरं असावं.

बाळंतिणीचा सव्वा महिना भरला की तिनं विहिरीची पूजा करायची, अशी आमच्याकडं रीत. विहिरीला हळदकुंकू वाहायचं, ओटी भरायची, तांब्याभर पाणी काढायचं, त्यात बोट बुडवून बाळाच्या ओठाला लावायचं, आणि मग तो तांब्या घेऊन घरी जायचं. आमच्या वस्तीतली सगळी माणसं त्या विहिरीच्या पाण्याचं बोट चाटलेली. गेणबा आणि मीसुद्धा.

छबूबाई द्वारकाबाईला म्हणाली, "विहीर झाकलीया, आता काय करायचं गं?"

"मग बोअरची पूजा करायची व्हय?" द्वारकाबाई म्हणाली. "हळद कुठं लावू, मोटारीच्या बटनाला? तुज्या आसरांचं त्वांड उघडं हाय न्हवं, तिथंच करू."

त्या सकाळी मी नेहमीप्रमाणं गेणबाच्या ओट्यावर होतो. गेणबानं गोठा धुतला नव्हता. मला नवल वाटलं, पण विचारलं नाही. त्याचा कप तसाच निवत होता. बायका आल्या. स्लॅब झाडून सारवला, आसरांच्या दगडांना नवा शेंदूर लागला. योगिनी डोक्यावरून पदर घेऊन बसली, मांडीवर इरा. घुगऱ्यांचा नैवेद्य ठेवला. सुप्रियानं पितळी तांब्याच्या गळ्याला दोरी बांधली.

गेणबा ओट्यावरून म्हणाला, "पानी काढू नका. जुनं हाय त्ये."

"इहिरीचं पानी जुनंच असतंय," छबूबाई म्हणाली. "नुसतं बोट लावायचंय, घटाघटा प्यायचं न्हाय."

"भावजी, तुमी चा प्या," द्वारकाबाई हसत म्हणाली. "बायकांच्यात तुमचं काय काम? तुमच्या आईनं तुमाला चाटवलं तवा कुठं मेला तुमी?"

बायका हसल्या. सुप्रियानं तांब्या भोकात सोडला. दोरी तिच्या हातातून सरकू लागली.

गेणबा उठला. चपला न घालताच ओट्यावरून उतरला, बायकांच्या मधून गेला आणि त्यानं सुनेच्या हातातली दोरी धरली. मी त्याला इतक्या वर्षांत कधी सुनेच्या एवढ्या जवळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. सुप्रिया दचकून मागं सरली.

"ह्यात गोठा हाय," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही.

"गोठा धुतल्यालं समदं ह्यातच पडतंय. श्यान, मूत, समदं." त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्या बायका पुढं झुकल्या. "वैनी, तुमचं पानी संडासानं नासलं न्हाय. ह्यानं नासलंय. माझ्यानं."

छबूबाई म्हणाली, "अवं, काय बोलताय काय?" आणि मग तिचं लक्ष स्लॅबच्या कडेच्या हिरव्या डागांकडं गेलं.

मला वाटलं होतं द्वारकाबाई पाण्याबद्दल बोलेल, बाळाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "मग मी टमरेल घिऊन कालव्यावर कशापायी जात हुते, भावजी?"

दोरी त्याच्या हातात तशीच होती, तांब्या आत लोंबकळत होता.

"तुमाला कवापास्नं ठावं हाय?"

"तोड आली तवापास्नं."

"आन् आता तोडल्याल्या उसाचा खोडवा फुटून गुडघ्याला लागलाय," द्वारकाबाई म्हणाली.

तिनं कुंकवाची कोयरी योगिनीपुढं सरकवली, तिच्याकडून आसरांच्या सातही दगडांना कुंकू लावून घेतलं, ओटी वाहायला लावली. "ह्यांचा काय दोष," एवढंच पुटपुटली. मग योगिनीला उठवलं. योगिनीनं इराचं तोंड पदरानं झाकून घेतलं होतं. त्या गेल्या. कळशी गेणबाच्या ओसरीत राहिली, आणि तिच्यात त्या दिवशी आणलेलं लिंबू.

मी ओट्यावरून उठलो आणि घरी गेलो. तिथं थांबून त्याच्याशी काही बोलायला हवं होतं, पण काय ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गेणबा स्वतः पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन द्वारकाबाईच्या दारात ठेवू लागला. ती कॅन घ्यायची. "पोरीसाठी घितीया," असं तिनं एकदा सांगूनही टाकलं. संध्याकाळी कॅन परत यायचा, स्वच्छ विसळलेला आणि रिकामा. छबूबाई झाकण काढून आत बघायची आणि परत लावायची.

आठवडाभरानं गेणबा मला म्हणाला, "संकलन केंद्रावर चला माझ्यासंगं." मला वाटलं, सोबत हवी असेल. तिथं दुधाची गर्दी होती. गेणबानं मापाच्या टेबलाजवळ उभं राहून सांगितलं, "वैनीच्या संडासाचं मी हितं बोललो हुतो. त्ये खोटं हाय. पानी माझ्या गोठ्यानं नासलंय. मला ठावं हुतं, मी सांगितलं न्हाय." मग मागून कुणीतरी म्हणालं, "आन् आमाला तिथं ताट मांडून जेवाय बोलवत हुता व्हय!" खूप हशा झाला. गेणबा हशा संपेपर्यंत उभा राहिला. त्याच्या पायाशी वैरणीची काडी पडली होती. त्यानं ती उचलली नाही.

विहिरीचं पुढं काय करायचं, हे विचारायला आम्ही दोघं बारामतीला पंचायत समितीत गेलो. गेणबाच्या मनात जुन्या गोठ्याच्या भिंतीचा राडारोडा लोटून विहीर एका दिवसात बुजवायची होती. तिथले साहेब म्हणाले, "म्हणजे घाण आत कोंडाल आणि पाणी कायमचं नासवाल. आधी उपसा. तळातला गाळ काढा. मग भरा."

"गाळ मीच काढतो, खाली उतरून," गेणबा म्हणाला.

"मरायचंय का? असल्या विहिरीत हवा विषारी असते. कुणी उतरायचं नाही. तुम्ही आत मेलात तर ती पुन्हा उपसावी लागेल."

गेणबा मान खाली घालून बसला. मला वाटतं त्याला उतरायचंच होतं. खाली उतरून हातानं गाळ भरला असता तर बरं वाटलं असतं त्याला. तेवढीही सोय राहिली नाही.

स्लॅब फोडला. गाळाचा पंप लावून काळं पाणी उपसलं, ते वरच्या पडीक रानात लांब सोडलं. वास इतका, की दोन दिवस वस्तीत कुणाला नीट जेवण गेलं नाही. मग क्रेनसारखी यारी आणून तळातला गाळ पाटीपाटीनं वर ओढला. गेणबा पहिल्यापासून शेवटपर्यंत कडेला उभा होता. नाकाला त्यानं फडकं लावलं नाही. मी लावलं होतं. पुन्हा झिरपून आलेलं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून परत उपसलं. त्यानंतर धुतलेली खडी आणि वाळू पाण्याच्या पातळीच्या वरपर्यंत, त्यावर चिकणमातीचे थर, एकेक थर ओला करून चोपून. सगळ्यात वर स्लॅब, चारी बाजूंनी उतरता, पावसाचंही पाणी थांबू नये असा. गोठ्याचा उतार फोडून दुसऱ्या बाजूला केला, आणि घाण पाण्याला लांब, सिमेंटनं बांधलेला खड्डा.

या वेळी स्लॅबला भोक नव्हतं. छबूबाईनं ते मागितलं नाही. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी तिनं आसरांचे सातही दगड दुधानं धुतले आणि पदरात घेतले. कालव्याकाठी उंबराखाली ते मांडायचे होते. जाताना ती गेणबाला म्हणाली, "वाट माझ्या हट्टानं ठिवली. देवांच्या डोक्यावर श्यान घातलं मी."

"वाट तू ठिवलीस," गेणबा म्हणाला. "श्यान मी घातलं."

ती पुढं आणि तो मागं असे दोघं उसाच्या बांधावरून गेले. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं गोठ्याच्या दारावरचं घड्याळ काढलं. तिथं आता भिंतीवर एक पांढरा गोल राहिलाय.

द्वारकाबाईच्या बोअरचं पाणी अजून पिण्याजोगं झालेलं नाही. वेळ लागेल म्हणतात, तपासून घेत राहा म्हणतात. गेणबाचा कॅन रोज जातो, रोज रिकामा येतो. योगिनी इराला घेऊन बावड्याला गेली, तरी तो जातोच. पहाटे द्वारकाबाई टमरेल घेऊन निघाली की गेणबा गोठ्यात आत सरकायचा. ती दिसेनाशी झाल्यावर बाहेर यायचा. संडासाच्या कडीची तार तशीच होती. "आता खोला म्हणून सांगू का त्यास्नी?" त्यानं मला एकदा विचारलं. मी म्हटलं, "तू नको सांगू." तो म्हणाला, "व्हय, मी कसं सांगणार."

गेल्या आठवड्यात मी ओट्यावर चहा घेत होतो. कॅन परत आला होता. छबूबाईनं सवयीनं झाकण काढलं, उलटा केला, तर आतून काहीतरी खळकन खाली पडलं. गंजलेली तार होती. नीट गुंडाळी करून कॅनमध्ये घातलेली.

छबूबाईचा चेहरा उतरला. "ही काय रीत झाली द्वारकाची? भांड्यात घालून कुणी असलं धाडतं व्हय?"

गेणबानं तार उचलली. उठून अंगणाच्या कडेला गेला आणि खालच्या बाजूला बघितलं. संडासाचं दार अर्धवट उघडं होतं. द्वारकाबाई दारासमोर खराट्यानं झाडत होती. तिनं वर बघितलं नाही, पण तो उभा आहे हे तिला कळलं असावं. झाडता झाडताच मोठ्यानं म्हणाली, "तुमच्या गोठ्याला लागंल भावजी कुठंतरी. माझं काम झालं."

गेणबा परत येऊन माझ्याशेजारी बसला. त्याचे कान लाल झाले होते. ती तार त्यानं दोन्ही हातांत धरली होती, पूर्वी काडी धरायचा तशी. मग, माझ्याकडं न बघता, तो मला लिहिण्याचं बोलला.